भैयाजी किती देवांचे?

गोंडपिपरीच्या अलीकडे दोन कोसांवर भैयाजी नावाचा एक धानवाला शेतकरी राहायचा. मनानं मोकळा, हातानं सढळ, पण आकड्याचा कच्चा. कच्चा म्हणजे मोजता येत नव्हतं असं नव्हे हो! मोजायला पक्का होता. फक्त खरा आकडा तोंडातून काढायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. बांधावर रानडुक्कर एक दिसलं, की चावडीपर्यंत त्याची तीन व्हायची आणि घरी पोचेपर्यंत सात. बोडीत, म्हणजे शेतातल्या तळ्यात, पाणी गुडघाभर असलं तर हा गळ्यापर्यंत सांगायचा, आणि स्वतःच्याच गळ्याला हात लावून दाखवायचा. गावानं सवय करून घेतली होती. भैयाजी बोलला की लोक मनातल्या मनात निम्मं करत आणि पुढच्या कामाला लागत. बायको भागीरथा तेवढी निम्म्याचंही निम्मं करी.

एक गोष्ट मात्र त्यानं जन्मात कधी फुगवून सांगितली नाही. लेकरं किती, असं कोणी विचारलं तर, "एक. मंगली." बस्स.

मंगली त्यांच्या पोटची नव्हती. आठ वर्षांमागं धानकापणीला एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातून लालसू नावाचा माडिया गोंड आणि त्याची बायको आली होती. बायकोला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. मागं राहिली तीन महिन्यांची पोर. लालसूनं ती भागीरथेच्या मांडीवर ठेवली आणि 'मोह वेचून झाला का येतो' म्हणून जंगलाकडे निघून गेला. आला नाही. त्याच उन्हाळ्यात तोही गेल्याचा निरोप तेवढा आला. भागीरथेची कूस लग्नाला बारा वर्षं होऊनही रिकामीच होती. तिनं पोरीला छातीशी धरलं आणि विषय संपवला. भावकीतल्या बायांनी नाकं मुरडली, 'जंगलातली पोर' म्हणाल्या. भागीरथेनं त्यांना विहिरीवर सगळ्यांच्या देखत असं काही झाडलं, की त्यानंतर कोणी ब्र काढला नाही.

पुढं सरकारनं अख्खा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून उचलून मुंबई राज्याच्या मांडीवर ठेवला. त्या गडबडीच्या दिवसांतच सागवान वाहणाऱ्या गाडीवानांच्या तोंडी एक निरोप आला. लालसूचा थोरला भाऊ सुकलू, त्याचा. "पोरगी मोठी झाली असन. एक डाव गावच्या देवाले दाखवून जा."

"नाई जायचं," भागीरथा म्हणाली. "ठेवून घेतीन ते तिले."

"ठेवून कायचे घेतेत? मी हावो ना!"

"तुमी हा, म्हनूनच त भेव वाटते."

शेवटी मंगलीनंच निकाल लावला. आठ वर्षांची पोर, पण जीभ भागीरथेच्या हाताखाली तयार झालेली. "मले माह्यं गाव पाह्यचं हाय," ती म्हणाली.

"मंग हे कोनाचं गाव हाय व?" भैयाजीनं विचारलं.

"हे बी माह्यंच. ते बी माह्यंच."

भैयाजीनं बैल जुंपले.

आष्टीच्या घाटावर डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, तेव्हा भैयाजीनं नावाड्याला सांगितलं की पोरीच्या गावी तीनशे घरं आहेत. आलापल्लीला पोचेपर्यंत ती पाचशे झाली होती. गाव त्यानं बापजन्मी पाहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर आष्टीपासूनच भागीरथेची भीती त्यालाही लागली होती, आणि भिऊ लागला की तो जास्त बोलायचा. सागाच्या जंगलातून गाडी चालली होती, मंगली गाडीच्या दांडीवर बसून पाय हलवत होती, आणि हा एकटाच वाघांचे आकडे सांगत सुटला होता. भागीरथेनं मंगलीच्या परकराचा काठ मुठीत धरून ठेवला होता, तो चार दिवस सोडला नाही.

गाव निघालं अकरा झोपड्यांचं. पण गाडी दिसली आणि माणसं अशी बाहेर आली, की अकरा झोपड्यांत इतकी मावत कशी होती कोण जाणे! सगळ्यांच्या पुढं सुकलू. उंच, काटक, खांद्याला कुऱ्हाड. ठेकेदाराकडे सागवानतोडीला जाऊन जाऊन मराठी शिकलेला. त्यानं "जोहार" केला, मंगलीची हनुवटी वर उचलली आणि बराच वेळ पाहत राहिला.

"लालसूचंच नाक," एवढंच म्हणाला. त्याच्या बायकोनं, सोमारीनं, मंगलीच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि ती मोठ्यानं रडू लागली. मग सगळ्याच बाया रडल्या. भागीरथाही रडली, पण काठ सोडला नाही.

मोहाच्या झाडाखाली दोन चटया समोरासमोर अंथरल्या होत्या. त्यांच्या मधे गावचा पुजारी पोचू बसला होता. तिकडे पुजाऱ्याला गायता म्हणतात. हा गायता वाळून काडी झालेला म्हातारा, पण नजर अशी, की समोरच्यानं खोकताना विचार करावा. तो गोंडीत काहीतरी बोलला.

सुकलूनं सांगितलं, "गायता पुसून राह्यला, तुमी किती देवाचे?"

भैयाजीचा चेहराच फुलला. चार दिवस भीत भीत आलेल्या माणसाला कोणीतरी आकडा विचारला होता! त्याला वाटलं, हे लोक आपली भक्ती जोखून पाहताहेत. पोर कुठल्या घरात वाढली, तिथं देवधर्म आहे की नाही, हेच विचारणार ना माणूस? मग कमी सांगून कसं चालेल?

"आमच्या घरी?" त्यानं छाती पुढं काढली. "बारा!"

सुकलूनं ते गोंडीत सांगितलं. अख्खा गाव खो खो हसत सुटला. एका म्हातारीला तर हसता हसता उचकी लागली. बारा देवांचा माणूस त्या मुलखात कोणी ऐकला नव्हता.

भैयाजी ओशाळला. थाप पकडली गेली असं त्याला वाटलं, आणि बाजारात शेवटचा भाव सांगावा तसा तो म्हणाला, "बरं, बाप्पा, सात. पक्के सात."

"हां!" गायत्यानं मान डोलावली. गावानंही डोलावली. लगेच दोघा-तिघांनी भैयाजीला दंडाला धरून पलीकडच्या चटईवर नेऊन मानानं बसवलं. पहिला द्रोण त्याच्या हातात आला. आंबील गार होती, वरून मोहाची फुलं भाजून दिली. कोणी पानानं वारा घालू लागलं. भैयाजीनं भागीरथेकडे असं पाहिलं, की बघ, म्हनत होतो ना, मी हावो! भागीरथेचं लक्ष तिकडे नव्हतंच. सोमारीनं मंगलीला हाताला धरून समोरच्या चटईवर आपल्याजवळ बसवलं होतं, आणि भागीरथेच्या मुठीतला काठ सुटला होता.

जेवणं झाली. भागीरथा उठली. "चाल व मंगले, गाडीतली वाकळ काढू."

सुकलूनं हात वर केला. अगदी मायेनं बोलला बिचारा. "ते कशी येईन, बाई? ते पाच देवाची पोरगी. तुमी सात देवाचे. तुमी आमचे सोयरे झाले."

"म्हंजे?" भैयाजीनं द्रोण खाली ठेवला.

मग सुकलूनं उकलून सांगितलं. त्यांच्यात प्रत्येक कुळाच्या देवांचा आकडा ठरलेला. कोणी चार देवांचे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. त्याच्या पुढं नाही. सारख्या आकड्याचे ते भाऊ, वेगळ्या आकड्याचे ते सोयरे. सोयऱ्यात पोरगी द्यायची ती लग्न करून, मोठी झाल्यावर. त्याआधी तिनं आपल्या भावांतच वाढायचं. "तुमी आठ वर्स सांभाळलं. लय मोठं काम केलं. आता आमी सांभाळतो. सोयऱ्याचा मान तुमाले जलमभर भेटन."

पन्नास वर्षांत भैयाजीनं हजार आकडे फुगवले होते, कोणाचं काही बिघडलं नव्हतं. आज एका आकड्यानं घरातली एकुलती एक पोर जायची वेळ आली होती! मंगली दोन्ही चटयांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला अजून नीट उमगलं नव्हतं. भागीरथेला उमगलं होतं. ती नवऱ्याकडे असं पाहत होती, की त्यापेक्षा तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सात नाई!" भैयाजी चटईवरून उडालाच. "पाच! मीबी पाच देवाचा! भाऊ हावो मी तुमचा!"

सुकलूनं ते गोंडीत सांगितलं. गायता शांतपणे बोलला, आणि गाव पुन्हा हसला.

"गायता म्हनते, पयले बारा, मंग सात, आता पाच. घटकाभर थांबलो त दोन होतीन."

"देवाशपथ पाच!"

"कोन्त्या देवाशपथ? बारातल्या का सातातल्या?"

भैयाजीची पुरती भंबेरी उडाली. गायत्यानं हात पुढं केला, पाची बोटं उघडली आणि सुकलूनं सांगितलं, "एकेकाचं नाव सांग. नाव सांगशीन तसं गायता बोट मिटन."

भैयाजीनं डोळे मिटले. घरचा देव्हारा समोर आणला. लाकडी, एका पायाखाली चिप्पी लावलेला. मंगली रोज सकाळी त्याच्यापुढं बसून देवांना आंघोळ घालायची. "महादेव," तो म्हणाला. एक बोट मिटलं. "अन्नपूर्णा." दुसरं. "बाळकृष्ण." तिसरं. "मारोती." चौथं.

गायत्याचा अंगठा तेवढा उभा राहिला.

गणपती जिभेच्या टोकावर येऊन बसला होता. म्हणायचा अवकाश! गणपती कोणाच्या घरी नसतो? इथं बसून गोंडपिपरीचा देव्हारा कोण तपासायला जाणार होतं? भैयाजीनं तोंड उघडलं, आणि समोर मंगली दिसली. तिच्याही हाताची बोटं मिटलेली होती. बाबांबरोबर तीही मोजत होती. रोज ज्या हातांनी देव पुसले, त्या हातांवर मोजत होती. तिच्या डोळ्यांदेखत खोटा देव कसा मांडायचा? आणि खोट्यावर घरी नेलेली पोर उद्या आपल्याला काय म्हणून बाबा म्हणेल?

"चार," तो म्हणाला. "चारच हायेत. बाकीचं मीनं लावून सांगतलं. मले सवय हाय तशी. गावात कोनालेबी पुसा."

एवढं बोलून तो मटकन खाली बसला. चार म्हणजेही सोयराच. हे त्याला कळत होतं.

"बाबा, तुमी चुकले!" मंगली ओरडली. "पाच हायेत!"

"नाई, बेटा."

"हायेत! माय राह्यली ना!" तिनं मिटलेला हात वर केला. "लाल फडक्यावरची सुपारी. माह्यी पयली माय. मी तिलेच त सगळ्यायच्या आधी पानी घालतो. आपली माय म्हनते, पयलं फूल तिचं, मंग महादेवाचं."

भैयाजी बघतच राहिला. ती सुपारी आठ वर्षं त्याच्या डोळ्यांपुढं होती. बायकांचं काहीतरी व्रत असेल, म्हणून त्यानं ती कधी मोजलीच नव्हती. दिसेल त्याचं दुप्पट सांगणारा माणूस, घरातला एक देवच मोजायचा विसरला होता!

सुकलूला ते गोंडीत सांगता येईना. दोनदा त्यानं सुरुवात केली आणि दोनदा थांबला. शेवटी कसंबसं सांगितलं, तेव्हा सोमारी उठून भागीरथेजवळ गेली आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली. कोणी हसलं नाही.

गायत्यानं आपला अंगठा हळूच मिटला. मूठ तशीच छातीशी धरून तो उठला, पलीकडच्या चटईपाशी गेला, आणि भैयाजीला हाताला धरून उठवलं. इकडच्या चटईवर आणून सुकलूच्या शेजारी बसवलं. मग बोलला ते सुकलूनं सांगितलं, "आमची मेलेली बाई आमच्या देवात येऊन राह्यते. ते याच्या घरी जाऊन राह्यली. म्हंजे हा पाच देवाचा. पोरगी आपल्या भावाच्याच घरी हाय."

भागीरथा तिथंच खाली बसली आणि तिनं मंगलीला अशी कवटाळली, की पोर कोकलली, "माय, हाड मोडन माह्यं!" भैयाजी दोन्ही हातांनी डोळे पुसत होता. पुसून झाल्यावर त्यानं रिकामा द्रोण पुढं केला, आंबील वाढणाऱ्याकडे. वाढणारा त्याला ओलांडून सरळ पुढं गेला. वारा घालणारा पोऱ्या तर केव्हाच पळाला होता.

"काऊन बा?" भैयाजी म्हणाला. "आता त भाऊ झालो ना मी!"

"म्हनूनच," सुकलू म्हणाला, आणि खांद्यावरची कुऱ्हाड काढून त्यानं भैयाजीच्या हातात दिली. "सोयरा असतास त बसला असतास. भाऊ हायस ना? ऊठ. संध्याकाळच्या चुलीले लाकडं नाई."

भैयाजी उठला.