आईच्या घराच्या किल्ल्या

आई गेल्याचा फोन मला पुण्याला आला तो तिच्याच मोबाइलवरून. 'आई' असं नाव पाहून मी नेहमीसारखी "बोल गं" म्हणाले... पलीकडे शेजारच्या सुमनअक्का होत्या. आई सकाळी चहाला आली नाही म्हणून त्या आपल्या किल्लीनं दार उघडून आत गेल्या, तर ती झोपेतच गेलेली.

'आपल्या किल्लीनं' वाचून दचकू नका. कोल्हापूरच्या आमच्या गल्लीत आईच्या घराची किल्ली कुणाकडे नाही, एवढंच विचारायचं. अक्कांकडे, इस्त्रीवाल्यांकडे, दूधवाल्याकडेही होती. त्यावरून मी तिच्याशी कितीदा भांडले. ती म्हणायची, "किल्ली एकटीनं कमरेला लावून हिंडायचं, मग घर पेटलं तर आत शिरायचं कुणी?" तरी पुराचं पाणी उंबऱ्याला लागून गेलं त्या वर्षी माझ्या हट्टापायी तिनं घराचा विमा उतरवला. पुढे दर वर्षी हप्ता भरला की फोन करून तेवढ्या पैशांत काय काय आलं असतं, हेही न चुकता ऐकवायची.

मी एकुलती एक, त्यामुळे घर माझ्याकडे आलं. विकून मोकळी हो, बंद घराला वाळवी लागते, असं मामा म्हणाले. मला ते जमेना. पण पुराच्या तोंडचं घर विम्याशिवाय ठेवायची छातीही होईना. पॉलिसी माझ्या नावावर व्हायला हवी होती आणि घर फार दिवस बंद राहिलं तर विम्याचं अवघड होतं, असं कंपनीच्या साहेबांनी आधीच बजावलेलं. मागच्या महिन्यात त्यांना घेऊन गेले, ती विनवण्यांची तयारी करूनच.

दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात अक्का वर्षाच्या चटणीसाठी मिरच्या भाजत होत्या, गच्चीवर कुणाचे तरी सांडगे वाळत होते आणि आईच्या खाटेवर इस्त्रीवाल्यांचे सासरे घोरत होते. शिंका आवरत साहेबांनी विचारलं, इथं राहतं कोण?

"कोण न्हाय ते इचारा, पावणं," अक्का म्हणाल्या. "ह्ये घर कवा बंद असतंय व्हय?"

साहेब खूश झाले. मग त्यांनी किल्ल्या किती जणांकडे आहेत ते विचारलं. कुणालाच सांगता येईना. त्यांनी पेन खाली ठेवलं. चोरीचा विमा हवा असेल तर कुलूप बदला, किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवा, म्हणाले. अक्कांनी गॅस बंद केला. पदराची गाठ सोडून आपली किल्ली ओट्यावर ठेवली.

मी किल्ली परत त्यांच्या हातात दिली आणि साहेबांना म्हणाले, "आग आणि पूर लिहा. चोरीचं राहू द्या."

साहेब सांडग्यांची पुडी घेऊन शिंकतच गेले. पॉलिसी आली, घर राहिलं.

गंमत म्हणजे त्या घराची किल्ली सगळ्या गल्लीकडे आहे, फक्त माझ्याकडे नाही. आईनं मला कधी दिलीच नाही. मागितली की म्हणायची, "तुला कशाला? मी हाय की दार उघडायला." मीही अजून करून घेतलेली नाही. पुण्याहून गेले की बेल दाबते, बॅग खाली ठेवून उभी राहते... आणि दर वेळी आतून कुणीतरी ओरडतं, "थांब गं, आले."