घाटातली ओटी

"भाऊ, ओटी भरल्याबिगर मी ही नदी वलांडत न्हाई," असं म्हणून सुमनकाकू पुलाच्या अलीकडं कठड्याला टेकून उभ्या राहिल्या.

आल्प्समधला घाट. मी टूर मॅनेजर, म्हणजे पासपोर्टपासून पापडापर्यंत सगळं सांभाळणारा. ग्रुप आखाडा बाळापूरचा. इथल्या घाटाच्या माथ्याला 'पास' म्हणतात. बर्फ पडायला लागलं की फाटक टाकून रस्ता बंद. आमचं हॉटेल पलीकडच्या खोऱ्यात, आणि आभाळ भरून आलेलं.

गावाकडं काकूंची लेक पाचव्या महिन्यात होती. लेकीला दिवस गेलेले असताना आईनं नवी नदी ओटी भरल्याशिवाय ओलांडायची नाही, असं त्यांच्या घरात चालत आलेलं. कयाधूची, पैनगंगेची भरून झाली होती. पर्समध्ये खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी तयार होती.

आमची ड्रायव्हर मार्टिना. तिला समजावलं, तर तिनं बसची किल्लीच काढून घेतली. "नो. नथिंग इन द वॉटर." पाण्यात काही टाकलं तर दंड आणि तिची नोकरी, दोन्ही माझ्या गळ्यात.

"काकू, नुसता नमस्कार करा की."

"नमस्कारानं ओटी भरती का?"

बर्फाची भुरभुर सुरू झाली. मला खरंच घाम फुटला. उरलेला ग्रुप खिडकीतून तमाशा बघत होता. काकू मात्र मार्टिनाला न्याहाळत होत्या.

"लगीन झालंय का हिचं?"

मी विचारलं. मार्टिनानं गोंधळून बोटातली अंगठी दाखवली.

"मंग झालं! आपल्याला नदीपार हीच नेऊन राहिली ना? हिचीच भरते."

पाण्यात काही पडणार नाही म्हटल्यावर, मी दाखवलं तसा मार्टिनानं जॅकेटचा घेर पदरासारखा धरला. काकूंनी हळदीचं बोट कपाळाला लावलं, ओटी भरली, वाकून नमस्कार केला. तांदळाचं काय करायचं, असं मार्टिनानं विचारलं.

"शिजवून खा म्हणावं. गोड कर."

फाटकावरचा माणूस दांडा खाली घ्यायलाच निघाला होता. आमची बस तेवढी सुटली. मला हायसं वाटलं, पण धाकधूक संपली नव्हती. पुढं अजून तीन नद्या होत्या आणि काकूंच्या पर्समध्ये खण उरला नव्हता.

पुढचा पूल आला. मी भीतभीत मागं पाहिलं. काकू निवांत चिवडा खात होत्या.

"काकू, नदी..."

"चालवणारीची भरलीय ना! बसा खाली."

तेव्हापासून माझ्या बॅगेत औषधांशेजारी एक खण असतो. फक्त ड्रायव्हर पुरुष निघाला तर काय करायचं, ते अजून मला सुचलेलं नाही.