उतारावरचं रीडिंग

दत्तप्रसाद जोगळेकर चौतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होते. आलेख सरळ यावा म्हणून आकडे रचणारी मुलं त्यांना जर्नल उघडताच कळत. ते ओरडत नसत. वही परत सरकवून म्हणत, "पुन्हा घ्या. तीनदा."

निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे उरली एक बारा वर्षांची गाडी आणि एक ठाम समजूत. चांदणी चौकाच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की पेट्रोल वाचतं. कोथरूडहून वारज्याला मेहुणी शालूकडे जाताना ते तेच करत. गाडी मोकाट सुटे आणि शेजारी पत्नी हेमाताई दारावरचा दांडा घट्ट धरून बसत. अहो, गिअरमध्ये ठेवा, हे त्यांनी बारा वर्षं सांगितलं. गेल्या महिन्यात सांगणं थांबवलं आणि शालूकडे त्या बसने जाऊ लागल्या.

रिकाम्या सीटशी वाद घालता येईना. मग त्यांनी बुधवार पेठेतून काडेपेटीएवढं यंत्र आणलं. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावलं की इंजिन क्षणाक्षणाला किती पेट्रोल पितं, ते मोबाइलवर नोंदलं जाई. खरं ॲव्हरेज काढायचं आणि कागद हेमाताईंपुढे ठेवायचा, एवढाच बेत.

एका सकाळी ते एकटेच उतार उतरले. आधी न्यूट्रलमध्ये, मग परत वर जाऊन गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून. खाली गाडी उभी करून त्यांनी चष्मा लावला. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यापुरतं का होईना, पेट्रोल पीतच होतं. गिअरमध्ये त्याला चाकंच फिरवत होती. तिथे पेट्रोल शून्य.

यंत्र भिकार आहे, असं ते स्वतःशी म्हणाले. तरी तीनदा घेतलं. तिन्ही वेळा शून्य.

नोंद पुसायला एक बोट पुरे होतं, आणि बघणारं कोणी नव्हतं. बोट थोडा वेळ काचेवर थांबलं. मग त्यांनी मोबाइल खिशात टाकला. आकडा चोख होता. हरल्यासारखं वाटायला हवं होतं, ते वाटेना.

रविवारी ते म्हणाले, "शालूकडे सोडतो. गाडीत बस."

हेमाताई बसल्या, हात दांड्यावर. उतार आला. गाडी तिसऱ्या गिअरमध्येच राहिली, इंजिन घुमत राहिलं. दत्तप्रसादांनी समोर बघत शून्याचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे बारा वर्षं?"

"बारा वर्षं रीडिंग नव्हतं."

"माझं होतं," हेमाताई म्हणाल्या. "दर वेळेचं."

आणि त्यांनी दांडा सोडून पदर सारखा केला.