पीळ ओळखणारा हात

राधानगरीला जनावरांची डॉक्टर म्हणून मी रुजू झाले, त्याला आता अकरा वर्षं झाली. पदवी नवीकोरी होती. दुसऱ्याच आठवड्यात जवळच्या वाडीतून आकारामदादांचा फोन आला. त्यांची म्हैस सकाळपासून अडली होती.

गोठ्यात एक म्हातारी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. ही बयाबाई. शाळेची पायरी कधी चढली नव्हती, पण आसपास कुणाची म्हैस अडली की पहिलं बोलावणं तिला.

मी आत हात घातला. गर्भाशयाला पीळ पडलाय हे कळलं, पण उजवीकडून की डावीकडून, ते उमगेना. पुस्तकातली आकृती डोळ्यांपुढे होती, हाताला मात्र सगळं सारखंच लागत होतं. चुकीच्या बाजूनं लोळवलं तर पीळ आणखी आवळणार.

"काय लागतंय, पोरी?" बयाबाईनं विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. "बाजू कळत नाही, मावशी."

तिनं हात धुतले, तेल लावलं, डोळे मिटून चाचपलं. "उजवीकडं हाय. आता तू घाल. बोटं वरनं सरकव, दोरीगत घडी लागंल बघ."

लागली! म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पोटावर फळी ठेवली. आकारामदादा फळीवर उभे राहिले आणि शेजाऱ्यांनी झटक्यात तिला लोळवलं. दुसऱ्या खेपेला पीळ सुटला. तासाभरात रेडी जिवंत बाहेर आली.

चहा पिताना बयाबाई म्हणाली, "तुझ्या पुस्तकात हे असतंय व्हय? दाव की."

मी बॅगेतलं पुस्तक काढून ते पान उघडून दिलं. आकृतीवर बोट ठेवून ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"असं दिसतंय व्हय आतनं! चाळीस वरसं नुसतं हातानंच बघितलं गं." मग हळूच म्हणाली, "बानं भावाला शाळंत घातलं. मला म्हशीमागं धाडलं."

त्यानंतर दर बाजाराच्या दिवशी ती दवाखान्यात यायची. मी चित्रं समजावून सांगायची. ती म्हशीच्या नुसत्या उभं राहण्यावरून दुखणं ओळखायला शिकवायची. कधी वाद व्हायचा. कधी ती चुकायची, बऱ्याचदा मीच.

पुढं माझी जयसिंगपूरला बदली झाली. बयाबाई गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. अजूनही एखादी अवघड म्हैस सुटली की वाटतं, मावशीला सांगायला हवं.