मुकद्दस खाला बसत नाहीत

मुकद्दस खाला ताश्कंदच्या एका शाळेत स्वयंपाकीण आहेत. त्यांचं कंबरेचं दुखणं जुनं. तुंबलेल्या रस्त्यात बसमध्ये बसून राहिल्या, तर नंतर दिवसभर त्यांना पुलावाची कढई ढवळता येत नाही. उभं राहिलं की कंबर निभावते. पण आमच्याकडे वडीलधारं माणूस उभं असताना धाकट्यांनी बसायचं नसतं.

परवा आमच्या बसमध्ये एक पोरगा उठला. "बसा ना, खाला."

"नको रे. बसले की कंबर धरते."

तो ओशाळून बाजूला झाला, पण पुन्हा बसेना. मग शेजारचा उठला, मागची मुलगीही उठली. जागा रिकाम्या आणि मधल्या वाटेत चेंगराचेंगरी! त्यात बस जागची हलेना.

"खाला, बसा की एकदाच्या!" ड्रायव्हर ओरडला.

"तू आधी गाडी हलव!" खाला कडाडल्या आणि पोरांकडे वळल्या. "मोठ्यांचा मान ठेवता ना? मग मोठ्यांचं ऐका. बसा सगळे!"

सगळे निमूट बसले. खाला दांडी धरून शाळेच्या थांब्यापर्यंत ताठ उभ्या राहिल्या.