कोबा लागेपर्यंत

समुद्राकाठच्या आपल्या घरात कसं वागावं याचे अकरा नियम मी स्वतः टाईप करून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून दाराशी लावले आहेत. पहिला नियम : घर जसं मिळालं तसंच सोडावं, आपली खूण मागे ठेवू नये.

घर दोघींचं. माझं आणि पोलादपूरच्या शेवंताचं, म्हणजे माझ्या धाकट्या जावेचं. तिच्या मुलीचा साखरपुडा तिथेच ठरला, म्हणून मी आणि तुमचे आजोबा महाडहून एक दिवस आधी गेलो. फाटक उघडलं आणि मी थबकलेच. अंगणभर माती!

"अहो, इथेही पूर आला की काय?"

"समुद्राला पूर येत नाही," म्हणत आजोबा खुर्ची शोधायला लागले.

आता बाळांनो, महाडच्या बाईला मातीचं काय करायचं हे शिकवावं लागत नाही. पुरानंतर आमचं अख्खं गाव एकच काम करतं : पाईप लावायचा आणि खालची फरशी दिसेपर्यंत थांबायचं नाही. इथे खाली सिमेंटचा कोबा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं (मीच घालून घेतला होता!). मी पंप सुरू केला.

माती धुवावी तर खाली आणखी माती! एवढी आली कुठून? मला भलतंच कुतूहल वाटू लागलं. शेणाचा वास येत होता, त्यावरून गुरं शिरली असावीत असं अनुमानही मी काढलं. मग फावडं घेतलं. आजोबांना खुर्चीसकट दोनदा हलवलं. दोन तासांनी एकदाचा राखाडी ठिपका दिसला.

"लागला! कोबा लागला!"

दुपारपर्यंत सगळं अंगण मोकळं केलं आणि तेवढ्यात टेम्पोतून मुलीला घेऊन शेवंता उतरली. काखेत सतरंज्या. तिने अंगणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ताई गो, माझं अंगण कुठं हाय?"

"हे काय! मातीखाली होतं!"

"अगो ताई, कोबा पार फुटलाय म्हणून मीच माती घातली वर! चार दिस चोपलं, काल सारवलं. उद्या सकाळी पाव्हणे कुठं बसवू?"

खरंच, कोब्यात अशा भेगा होत्या की पाहुण्यांचा पाय मुरगळलाच असता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमच्या नियमांत अंगणाचं कायच नाय!"

(खरं होतं. मी जाऊन वाचून आले.)

शेजारून माती, शेण आणि लाकडी चोपण्या आल्या. मी, शेवंता आणि मेंदीच्या हातांना पिशव्या बांधलेली नवरी, तिघी ओळीने चोपत बसलो. आजोबांनी खुर्चीतून सूचना दिल्या. ऊन कलताना सारवण पुरं झालं. आरशासारखं अंगण! एवढ्यात फाटकाशी पडलेला पाईप मला दिसला. नियम सात : वस्तू जागच्या जागी ठेवावी. मी निघाले. सरळ, मधून.

"ताई, नाय! नाय!"

तोवर मी पाईप घेऊन परतलेही होते.

सकाळी अंगण खडखडीत वाळलं होतं. नवऱ्या मुलाची आजी फाटकातच वाकली. "ही पावलं कुणाची गो?"

"आमच्या ताईंची," शेवंता म्हणाली. "खूण मागं ठेवायची नाय, असा नियम हाय त्यांचा."

आजीबाई इतक्या हसल्या की साखरपुडा तिथेच अर्धा पार पडला.

तेव्हा साखरपुड्याच्या फोटोत अंगणात दिसतात ती चौदा पावलं कुणाची, हे तुम्हाला कळलं. दाराशी आता बारावा नियम आहे, शेवंताच्या अक्षरात : "ताईंच्या हातात पाईप देऊ नये." प्लास्टिकच्या पाकिटात मात्र तो मीच नीट घातला.