मॅन्सेल बीनन, बारावा गडी

वेल्समधल्या आमच्या पँटगारू गावात बीनन आडनावाची सतरा घरं आहेत. प्रत्येकाला काहीतरी शेपूट जोडल्याशिवाय पोस्टमनचंसुद्धा चालत नाही. एक बीनन दूधवाला, एक चॅपलशेजारचा, एक बहिरा. माझ्या नवऱ्याला गाव मॅन्सेल कोट म्हणायचं. पंधरा वर्षं तो इंग्लंडातल्या क्लबाकडून पगार घेऊन फुटबॉल खेळला, साडेतीनशेच्या वर सामने झाले, आणि गावाच्या लक्षात राहिला तो कोट.

त्याचं असं होतं. त्या काळी मैदानात उतरलेले अकरा जण शेवटपर्यंत तेच. कुणाचा पाय मोडला तरी बदली खेळाडू नाही. पण सामन्याआधीच कुणी आजारी पडलं तर पंचाईत नको, म्हणून एक बारावा गडी बरोबर न्यायचे. तो संघाबरोबर आगगाडीने जायचा, हॉटेलात राहायचा, कपड्यांची पेटी उचलायचा, आणि शिट्टी वाजली की ओव्हरकोट घालून बाकावर बसायचा. मॅन्सेल आठ वेळा वेल्सचा बारावा गडी झाला. खेळला एकदाही नाही. वेल्सकडून जो मैदानात पाय ठेवतो त्याला मखमली टोपी मिळते, गोंडा लावलेली. बाकावरच्याला चहा मिळतो.

क्लब इंग्लंडात असला तरी आमचं बिऱ्हाड गावातच होतं. मॅन्सेल हंगामात तिकडे खोली घेऊन राहायचा आणि जमेल तसा घरी यायचा. शेजारची हॅना मावशी मागच्या भिंतीवरून हाक मारायची, "काय गं डिलिस, गेला का तुझा नवरा वेल्सचे कोट सांभाळायला?"

"गेला की, मावशी. तुमच्या नवऱ्याला वेल्सने अजून तेवढ्यासाठीही बोलावलेलं नाही."

मी असं फाडकन बोलायची खरी, पण ते लागायचं. कारण मॅन्सेलला ती टोपी हवी होती. तो हट्ट धरणाऱ्यातला नव्हता. ताटात पडेल ते खायचा, मिळेल त्या खुर्चीत बसायचा. पण एकदा कपडे पिळताना माझ्यासमोर दुसरं टोक धरून उभा होता, तेव्हा म्हणाला, "एकदाच, डिलिस. दहाच मिनिटं खेळायला मिळालं तरी चालेल मला." लग्नानंतर त्याने तोंडाने मागितलेली ती एकच गोष्ट.

आडवा येत होता एलविन पॅरी. तो वेल्सचा लेफ्ट हाफ, म्हणजे मॅन्सेलच्याच जागेवरचा, आणि आमच्याच गल्लीतला. दोघं चौदाव्या वर्षी एकाच सोमवारी खाणीत उतरले आणि पाच वर्षं एकाच जागी जोडीने राबले. एकाने कोळसा फोडायचा, दुसऱ्याने डब्यात भरायचा.

खाणीत जोडीदाराचं एक असतं. त्याला लागलं, खुपलं, तर मुकादमाला कळू द्यायचं नाही. मुकादम त्याला वर पाठवून देणार आणि त्याचा दिवस बुडणार. मग त्याचं काम आपण ओढायचं, आणि मुकादम कंदील घेऊन आला, विचारू लागला, की म्हणायचं, "ठीक आहे तो." आमची पोरं शिव्या शिकायच्या आधी हे शिकतात. एलविनच्या बरगड्या दुखावल्या तेव्हा मॅन्सेलने तीन आठवडे दोघांचं काम एकट्याने केलं होतं. मॅन्सेलचं बोट चिरडलं तेव्हा एलविन मुकादमाच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलला होता. याला आमच्याकडे खोटं म्हणतच नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी दोघांनाही इंग्लंडातल्या क्लबांनी उचललं. एलविन पहिल्या श्रेणीत गेला, मॅन्सेल दुसऱ्या. एलविन जास्त चांगला खेळायचा. मॅन्सेलची बायको असूनही मी हे सांगते. चेंडू एलविनच्या पायाशी येऊन शांत व्हायचा. मॅन्सेलकडे यायचा तेव्हा दोघांनाही कष्ट पडायचे. एलविन जोवर धड होता, तोवर मॅन्सेलच्या अंगावर ओव्हरकोटच असणार होता. हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

आठव्यांदा बोलावणं आलं ते कार्डिफला, स्कॉटलंडविरुद्ध. हॉटेलात दोघांना एकच खोली दिली होती. तिथे काय झालं ते मॅन्सेलने मला एकदाच सांगितलं, गॅसच्या मीटरचे आकडे वाचावेत तसं.

सकाळी एलविन पलंगावरून उठला आणि परत बसला. त्याचा डावा गुडघा पावाएवढा सुजला होता. आधीच्या शनिवारी क्लबाच्या सामन्यात मार लागला होता, तो त्याने सगळ्यांपासून लपवला होता. तो काही बोलला नाही. मॅन्सेलने काही विचारलं नाही. टॉवेल थंड पाण्यात बुडवून आणला, तासभर गुडघ्यावर ठेवला, मग स्वतःच्या हाताने पट्टी गुंडाळली.

"अजून ताणू?"

"ताण."

एवढंच बोलणं झालं. दुपारी कपडे बदलायच्या खोलीत मास्तर मॅन्सेलजवळ आला. मास्तर म्हणजे संघाच्या अंगदुख्या बघणारा, माणसं तयार आहेत की नाहीत ते ठरवणारा. हाताला मालिशचं तेल, तोंडात विझलेली सिगारेट.

"बीनन, तू त्याच्या खोलीत होतास. पॅरी जिना उतरताना मला जरा लंगडल्यासारखा वाटला. गुडघा कसा आहे त्याचा?"

मॅन्सेल टॉवेलांच्या घड्या घालत राहिला.

"अरे बाबा, तुझे बूट पेटीत आहेत. अकरा नावं द्यायला मला अजून दहा मिनिटं आहेत. काय ते आत्ता बोल."

आणि माझा नवरा म्हणाला, "ठीक आहे तो."

इथे मला आजही राग येतो. ती काय खाण होती? मास्तर काय मुकादम होता? एलविनचा कुठला दिवस बुडणार होता? एक शब्द बोलला असता तर टोपी घरी आली असती, एलविनचा पाय राहिला असता, वेल्सचे अकराच्या अकरा जण पळाले असते. पण पाच वर्षं अंधारात जे तोंडात बसलं तेच बाहेर पडलं. मी त्याला म्हटलं, "तुला दुसरं काही सुचलंच नाही?" तो म्हणाला, "दुसरं काय असतं?"

बाराव्या मिनिटाला एलविन कोसळला. बदली नाहीच. तेव्हा लंगडणाऱ्याला मैदानाबाहेर नेत नसत, कडेला नुसतं उभं करत, म्हणजे समोरच्यांचा एक माणूस तरी त्याच्यापाशी अडकून राहील. एलविन तिथे सव्वा तास उभा राहिला, मध्येच एका पायावर धावलाही. त्या धावण्याने गुडघ्यात जे काही उरलं होतं तेही गेलं. वेल्स हरलं. मॅन्सेल हे सगळं बाकावर बसून बघत होता, धडधाकट, घोड्यासारखा.

पेटी भरताना मास्तर फक्त म्हणाला, "ठीक होता, नाही का?" त्यानंतर मॅन्सेलला वेल्सकडून पत्र आलं नाही.

एलविनवर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पाय वाकायचा बंद झाला. सत्ताविसाव्या वर्षी तो गावात परतला आणि त्याला खाणीच्या दिव्यांच्या खोलीत बसवलं. जायबंदी माणसांना तेच काम देतात. खाली उतरणाऱ्यांना दिवे द्यायचे, वर आल्यावर मोजून परत घ्यायचे.

मॅन्सेल आणखी सात वर्षं खेळला. जिंकून आला तरी जेवायचा, हरून आला तरी तेवढंच जेवायचा. मी सुरुवातीला विचारायची, "कसा झाला सामना?" तो म्हणायचा, "झाला." पुढे मी विचारायचं सोडलं. क्लबाने सोडल्याचं पत्र आलं त्या दिवशी त्याने ते वाचलं, चहाच्या डब्याखाली ठेवलं आणि बाहेर जाऊन बटाट्यांचा वाफा खणला. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माणूस जवळ राहून राहून दुसऱ्याचा मुकेपणा उचलतो, तसं माझं झालं.

मग तोही खाणीवर लागला, न्हाणीघरात, साबण नि टॉवेल द्यायला. एलविनने लग्न केलं नव्हतं. दर शनिवारी तो ताठ पाय ओढत आमच्याकडे चहाला यायचा. पाच वाजता रेडिओवर निकाल लागायचे. दोघं ऐकायचे, मी पावाला लोणी लावायची. सव्वीस वर्षं हे चाललं आणि सव्वीस वर्षांत त्या दुपारचं नाव निघालं नाही.

एकदा मात्र मी मॅन्सेलला विचारलं होतं, "पस्तावतोस का रे?"

"जोडीदाराला दगा नाही दिला मी," तो म्हणाला. "आयुष्यात तेवढी एक गोष्ट तरी नीट झाली." त्याच्याकडे टोपी नव्हती, हे होतं. यावर तो उठायचा, यावर झोपायचा. ते काढून घेणारी मी कोण?

साठी जवळ आली तशी एलविनला कोळशाच्या धुळीने गाठलं. पोरपणातली खाणीतली पाच वर्षं आणि त्यावर वरची धूळ, छातीला तेवढं पुरलं. जिना चढवेना म्हणून त्याच्या बहिणीने पलंग खाली, पुढच्या खोलीत आणला. आमच्याकडे पलंग खाली आला की सगळे समजतात. आम्ही रोज जाऊ लागलो.

एका दुपारी मी त्याच्या पाठीमागे उशा लावत होते. तो दम घेत घेत म्हणाला, "मॅन, कार्डिफचं आठवतं?"

मॅन्सेल खुर्चीत जरा सरकला. "आठवतं."

"मास्तरने तुला विचारलं, तेव्हा मी बूट बांधत होतो. सगळं ऐकू येत होतं मला." तो खोकला. मी पाणी दिलं. "मनात म्हटलं, चला, आता हा सांगतो. सुटलो एकदाचा."

मलाच राहवलं नाही. "मग एलविन, तूच का नाही सांगितलंस? तुला तोंड नव्हतं?"

"मी कसा सांगणार, डिलिस? वेल्सची जर्सी अंगात होती. ती आपल्या हाताने कोण काढतो?" तो मॅन्सेलकडे बघत होता. "सकाळपासून वाट बघत होतो तुझी. पट्टी बांधलीस तेव्हासुद्धा."

मॅन्सेलचे हात गुडघ्यांवर होते. ते हलले नाहीत. मग तो म्हणाला, आणि हे त्याने माझ्याखेरीज दुसऱ्या कुणापाशी कधी म्हटलं नव्हतं, "मला खेळायचं होतं रे, एल."

"माहीत होतं मला," एलविन म्हणाला. "म्हणून तर वाटलं, तू सांगशील."

थोड्या वेळाने त्याला झोप लागली. आम्ही घरी आलो. वाटेत मला मॅन्सेलचा हात धरावासा वाटला, पण त्याने तो खिशात घातला होता. घरी येऊन त्याने निखारे हलवले, रेडिओ लावला, बंद केला. मी रात्रीचं पान वाढलं. त्याने नेहमीएवढंच खाल्लं. मला वाटलं होतं तो रडेल, निदान एखादी बशी तरी आपटेल. मी वाट बघत बसले होते, तेवढंच.

नऊ दिवसांनी एलविन गेला. आमच्याकडे मयताला फक्त पुरुष जातात, बाया घरात राहून परतणाऱ्यांच्या जेवणासाठी हॅम कापतात. मॅन्सेलने पुढच्या बाजूने शवपेटीला खांदा दिला. चढावरून वर दफनभूमीपर्यंत सगळी खाण मागे चालत गेली, काळ्या कपड्यांत, प्रार्थनेची गाणी म्हणत. आम्ही खिडकीतून ऐकलं, मग ऐकू येईनासं झालं.

तो परतला तेव्हा बाकीचे अजून मागे होते. मी त्याच्या हातातून टोपी घेतली. "काय म्हणाले लोक?"

तो खुर्चीत बसला. बुटांच्या नाड्या सोडायला वाकला आणि तसाच वाकून राहिला.

"सगळे येऊन हात दाबत होते," तो म्हणाला. "म्हणत होते, जोडीदार असावा तर मॅन्सेलसारखा."